घाटापलीकडचे सभासद

पेरणीच्या आधीचे दोन महिने आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ओली गोणपाटं पसरलेली असायची. त्यांच्या घड्यांत कपाशीचं, ज्वारीचं, मुगाचं बियाणं ठेवलेलं असे. दर पोत्यातलं शंभर बी मोजून घ्यायचं, सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपायचं आणि पाच-सहा दिवसांनी किती उगवलं ते बघायचं, हे काम अण्णा, म्हणजे माझे वडील, देवपूजेच्या निष्ठेने करत. आईला त्या ओल्या तागाचा वास सहन होत नसे. "माणसाच्या घरात माणसाचा वास यावा, दुकानाचा कशाला," असं ती चुलीपाशी बसून म्हणायची, आणि अण्णा गावाला गेले की स्वतःच उठून त्या गोणपाटांवर पाणी मारायची. शंभरातलं सत्तरच्या खाली उगवलं तर ते पोतं परत जायचं. वरच्या लोकांची नाराजी व्हायची, बैलगाडी बुऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनापर्यंत फुकट हेलपाटा घालायची, पण पोतं परत जायचंच.

अण्णा बहादरपुरातल्या शेतकऱ्यांच्या सहकारी भांडाराचे सेक्रेटरी होते. गाव त्यांना 'सिकत्तरसाहेब' म्हणे. आमचं घर भांडाराला लागूनच, मधे एक भिंत. त्यामुळे माझ्या लहानपणीचे सगळे आवाज भिंतीपलीकडचे आहेत. मोठ्या तराजूच्या साखळीची खळखळ, पोतं जमिनीवर आदळल्याचा दबका आवाज, शेंगदाण्याच्या पेंडीच्या चकत्या फोडणाऱ्या हातोडीचे ठोके, आणि या सगळ्यांवर अण्णांचा न चढणारा आवाज. केळीवाले खताच्या पेंडीसाठी यायचे, कपाशीवाले बियाण्यासाठी. कोणी नांगराचा फाळ, कोणी नाडा, कोणी नुसतंच किडीनं खाल्लेलं पान रुमालात बांधून. अण्णा ते पान उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघत, आणि पुष्कळदा म्हणत, "यावर औषध नको. पाणी तोडा आठ दिवस." माल न विकता माणूस परत पाठवणारं ते दुकान होतं. आलेल्याला आधी घडवंचीवर बसवायचं, माठातलं पाणी द्यायचं, मग काम विचारायचं. नवीन खत आलं की ते कसं टाकायचं हे अण्णा एकेकाला समोर बसवून सांगत. एखाद्याला वाचता येत असलं तरी त्याच्या हातात नुसता कागद देत नसत. "कागद हातात दिला की माणूस गिऱ्हाईक होतो," ते म्हणायचे. "इथं येतो तो मालक आहे. मालकाला तोंडानं सांगावं लागतं."

मालक हा शब्द त्यांनी माझ्या मामाकडून उचलला होता. श्रीपतमामा आईचा थोरला भाऊ, घाटापलीकडच्या सावळखेडचा. आमच्याकडून भल्या पहाटे बैल जुंपले तर दिवस कलता कलता त्याच्या गावी पोचायचं. भांडार निघालं तेव्हा घाटाच्या अलीकडचं आणि पलीकडचं असा भेद कोणाच्या मनात नव्हता. एकच राज्य, एकच बाजार, लेकीसुना इकडून तिकडे गेलेल्या. बहादरपूरचे लोक बिचकत होते. सगळ्यांचं ते कोणाचंच नाही, असं म्हणत होते. त्या वेळी मामा घाटापलीकडच्या पाच गावांत घरोघर फिरला आणि स्वतःसकट त्या गावांतल्या तेवीस माणसांना त्याने सभासद केलं. गोदाम बांधायला घेतलं तेव्हा छपराची सागवानी लाकडं त्याच्या गाड्यांवर घाट उतरून आली. हे सगळं मला कळण्याआधीचं. माझ्या आठवणीतला मामा उन्हाळ्यातला आहे. उंच, काळा, पांढऱ्या मिशांचा, धोतराच्या सोग्यात माझ्यासाठी रानातली टेंभरं बांधून आणणारा. सुट्टीत मी त्याच्याकडे जायची तेव्हा अंगणातल्या धुळीत बोट धरून त्यानेच मला अक्षरं गिरवायला शिकवली. शाळेत जायच्या आधीच मला लिहिता येत होतं. त्याचं स्वतःचं शिक्षण मराठी चौथीचं, पण अक्षर असं की पाटलाच्या घरचे कागद त्याच्याकडून लिहून घेत. "वेलांटी घाईनं नाई देऊ," तो म्हणायचा. "अक्षर म्हनजे मानसाचं तोंड असते, सुमे. ते धुतलेलं पाह्यजे."

मामा आला की आमचं घर वेगळं व्हायचं. एरवी घरात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, असा साधा कारभार. भाऊ येणार म्हटलं की आई आदल्या दिवशीच पुरणाची डाळ निवडायला घ्यायची आणि मांड्यांचं खापर माळ्यावरून उतरवायची. मांडे फक्त तीच करायची, कोणाला हात लावू द्यायची नाही. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत ती एवढा मोठा करी की तिच्या कोपरापर्यंत तो पसरायचा, आणि मग जाळावरच्या उपड्या खापरावर अल्लद टाकायची. मामा चुलीपाशी पाट ओढून बसायचा. अण्णा आणि तो दोघं भांडाराच्याच गप्पा मारायचे. कोणत्या गावाला कोणतं बियाणं मानवलं, फवारणीचा पितळी पंप या वर्षी आधी कोणाकडे पाठवायचा. पंप एकच होता, पाळीपाळीने गावोगाव फिरायचा. दोघांचं कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही. आई म्हणायची, "यांचं लग्न माझ्याशी नाही लागलं, माझ्या भावाशी लागलं."

मग नवी राज्यं झाली. वर्तमानपत्रातून, चावडीवरच्या बोलण्यातून ते आमच्यापर्यंत आलं, आणि पहिल्यांदा तर त्यात काही वाईट आहे असं वाटलंच नाही. घाटापलीकडचा मुलूख मुंबईकडे गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. बाजार तिथेच होता, तापी तिथेच होती. बदल दिसला तो कागदांत. भांडाराचे मराठीतले कागद बंद झाले, सगळं हिंदीत मागू लागले. अण्णांना हिंदी बोलता यायचं, बुऱ्हाणपुरात ते कोणाला येत नाही? पण कचेरीतलं हिंदी लिहायला बसले की त्यांना घाम फुटायचा. मी तेव्हा शहरातल्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होते, हिंदीत पहिली यायची. तेव्हापासून भांडाराची पत्रं मी लिहू लागले. अण्णा मराठीत सांगायचे आणि मी ते हिंदीत उतरवायची. 'एतद्द्वारा सूचित किया जाता है' असली वाक्यं लिहिताना मला एखादी पैठणी अंगावर घेतल्यासारखं वाटायचं. पुढे मी जन्मभर हिंदीच शिकवलं. लालबागेतल्या या घरात अजूनही जुने विद्यार्थी भेटायला येतात आणि बाईंचं अक्षर कसं होतं ते एकमेकांना सांगतात. मला ते ऐकवत नाही. त्यांना वाटतं, बाई फार विनयी आहेत.

त्या उन्हाळ्यात वरून हुकूम आला. भांडाराचं क्षेत्र आता राज्याच्या हद्दीतच राहील. हद्दीबाहेरच्या गावांतले सभासद कमी करावेत, त्यांच्या भागाचे पैसे त्यांना परत करावेत, आणि सरकारकडून येणारं बियाणं, पेंड, खत यांतलं काहीही बाहेर देऊ नये. त्यांच्यासाठी त्यांच्या राज्यात सोय होईल. ती सोय व्हायला पुढे कैक वर्षं लागली, पण हुकमात ते थोडंच लिहिलेलं असतं. अण्णांनी दोनदा विनंतीचं पत्र पाठवलं. दोन्ही मीच लिहिली. दोन्हींना तेच उत्तर आलं, दुसऱ्या वेळी जरा कडक शब्दांत. शेवटी एका दुपारी अण्णा माझ्यासमोर बसले आणि तेवीस नावांची यादी त्यांनी माझ्या हातात दिली.

एकेक करून मी बावीस नोटिसा लिहिल्या. मजकूर एकच, नाव आणि गाव तेवढं बदलायचं. तेविसाव्याला अण्णांनी हात आडवा धरला.

"ही राहू दे," ते म्हणाले. "श्रीपतरावांना मी जाऊन सांगेन."

"पण नोटीस तर प्रत्येकाला जायला हवी ना? हुकमात तसंच आहे."

"हो, जायला तर हवी."

"मग द्या, लिहून ठेवते. तुम्ही जाल तेव्हा बरोबर न्या."

अण्णांनी हात काढला. मी लिहिलं, 'श्री श्रीपत पाटील, ग्राम सावळखेड. आपको सूचित किया जाता है कि आपकी सदस्यता समाप्त की जाती है.' ते लिहिताना माझ्या मनात मामा नव्हताच. 'समाप्त' मधला जोडाक्षराचा प्त नीट आला की नाही एवढंच मी बघत होते. सतरा वर्षांची होते. माणसाला सतराव्या वर्षी किती कळत नाही, हे आता माझ्या नातींकडे बघून कळतं. पण तेव्हाचं न कळणं आता क्षमा मागून पुसता येत नाही.

अण्णा दोनदा निघाले. पहिल्यांदा नदीपर्यंत जाऊन परत आले, बैल लंगडतोय म्हणाले. दुसऱ्यांदा गाडी जुंपलेली तशीच उभी राहिली आणि ते आत येऊन पांघरूण घेऊन झोपले, अंगात कणकण आहे म्हणाले. आईने कपाळाला हात लावून पाहिला आणि स्वयंपाकघरात गेली. उरलेल्या बावीसांबरोबर ते तेविसावं पाकीटही टपालात पडलं. ते कोणी टाकलं, कधी टाकलं, आम्ही कोणी कोणाला विचारलं नाही.

वार्षिक सभा ऐन आंब्यांच्या दिवसांत होती. मामा येणार हे आईने गृहीतच धरलं. त्याला कागद गेलाय हे तिला माहीत होतं, पण तिच्या लेखी कागद वेगळा आणि भाऊ वेगळा. पहाटेच तिने खापर चढवलं. मी भांडारात जायला निघाले तेव्हा दुरडीत आठ-दहा मांडे घडी घालून ठेवले होते आणि ती आंबे पिळत बसली होती. "सभा उरकली की दोघांना लगेच घेऊन ये," ती म्हणाली, "गप्पा मारत बसू देऊ नको. रस काळा पडतो."

सभा गोदामातच भरली. दाराशी पडदे ओले करून टांगले होते. सभेचं इतिवृत्त हिंदीत लिहायचं म्हणून अण्णांनी मला टेबलाशी बसवलं होतं. वरून आलेले एक तरुण अधिकारी अध्यक्ष होते. शंभरावर सभासद जमले होते, आणि त्यांच्यात, उजव्या हाताच्या भिंतीशी, मामा आणि त्याच्याबरोबर आलेली बारा माणसं. सगळ्यांनी धुतलेली धोतरं नेसली होती. मामाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हसला. मग अधिकाऱ्यांनी यादी वाचायला सांगितली. अण्णांनी नावं वाचली. यादी संपल्यावर अधिकारी शांतपणे म्हणाले, "जिनके नाम सूची में नहीं हैं, वे कृपया बाहर बरामदे में बैठें."

कोणी हललं नाही. मग मामा उठला.

"साहेब, मले हिंदी समजते, बोलता येत नाई. मंग मी माह्या भाषेत बोलतो. आमी इथी सौदा घ्याले नाई आलो. आमी या दुकानाचे मालक हावोत. हे तुमच्या डोक्यावरचं लाकूड माह्या गाड्यावर आलं. त्या टायमाले कोनी नाई इचारलं, लाकूड घाटाच्या कोन्त्या अंगाचं हाये म्हनून."

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने मामाला 'पाटीलजी' म्हटलं, कायदा आपण केलेला नाही म्हणाला, आणि खुर्चीतून अर्धवट उठून हात जोडले. तेव्हा आमच्याच गावचे म्हातारे काशीराम महाजन बोलले. "साहेब, सभासद नका ठेवू. पण माल तर घेऊ द्या त्यांना. ही काही परकी माणसं आहेत का? आपलेच लोक आहेत."

त्यावर अधिकाऱ्यांनी थोडा विचार केला. माल सभासदांच्या संख्येवर येतो, त्यांनी समजावलं, वरून जास्तीचा येणार नाही. पण इथल्या सभासदांनी आपल्या वाट्यातून त्या पाच गावांना काही द्यायचं ठरवलं, तर तसा ठराव करा, मी स्वतः तो वर नेईन, शिफारस करीन. अण्णांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी ठराव मराठीत मांडला, सावकाश, प्रत्येकाला कळेल असा. "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावा."

त्या वर्षी पेंडीचा तुटवडा होता. केळी लावून बसलेल्या प्रत्येकाला ती हवी होती. काशीरामबाबांचा हात वर गेला. मागून आणखी दोन हात गेले. बाकीचे आपल्या वहाणांकडे बघत होते. माझ्या ओळखीचे लोक होते ते सगळे, आमच्या माठातलं पाणी पिणारे, मामाला 'राम राम पाटील' करणारे. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा स्वतः सभासद होते, त्यांनाही हात होता. तो टेबलावर यादीच्या कागदावर होता आणि तिथेच राहिला. पुढे कधीतरी त्यांनी मला सांगितलं, की मेहुण्यासाठी सेक्रेटरीने हात वर केला असं कोणी म्हणू नये म्हणून. असेल. तसे ते फार जपून वागणारे. पण त्यांचा हात वर गेला असता तर आणखी चाळीस गेले असते, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

"तीन," अण्णा म्हणाले.

मी लिहिलं, 'प्रस्ताव अस्वीकृत.'

घाटापलीकडची माणसं उठली. गर्दीतून वाट काढत एकामागून एक निघाली. मामा सगळ्यांत मागे होता. टेबलाशी आला तसा थांबला. अण्णांकडे त्याने पाहिलं नाही, माझ्याकडे वाकला.

"सुमे, तो कागद तुह्याच हातचा व्हय ना?"

मी मान हलवली.

"वळखलं मी. अक्षर लय चांगलं काढलं वं माय. कुठी काना-मात्रा चुकली नाई," तो म्हणाला, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून बाहेर गेला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी आजवर कधीच विसरून गेले असते.

मी धावत घरी गेले तोवर तो आमच्या पायरीपाशी उभा होता. आई दारात, हात आमरसाने पिवळे. "गोदे, पानी दे," तो म्हणाला. तिने तांब्या दिला. तो उभ्यानेच प्यायला.

"भाऊ, आत ये ना. मांडे केले तुझ्यासाठी."

"येतो म्हनलं असतं वं बाई. पर संग बारा मानसं हायेत. ते उपाशी जातीन अन् मी पाटावर बसू?"

"त्यांनाही बोलाव. असतील तेवढे खाऊ, पिठलं टाकते, वेळ नाही लागत."

"ते नाई खानार. माह्या शबदावर सभासद झाले होते ते." त्याने तांब्या तिच्या हातात परत दिला. "तुह्यावर राग नाई माहा."

आईने दुरडीच उचलली आणि उंबरा ओलांडून आली, पण तोवर तो वळला होता. गाड्या वडाखाली सोडलेल्या होत्या. ती दुरडी डोक्यावर घेऊन, भर उन्हात, अनवाणी, वेशीपर्यंत गेली. गाड्या निघून गेल्या होत्या. परत आल्यावर तिने दुरडी चुलीशी ठेवली आणि रसाचं पातेलं झाकून टाकलं. त्या दिवशी आमच्या घरी कोणी जेवलं नाही. संध्याकाळी ते सगळं गाईला घातलं.

पावसाळ्यात घाटापलीकडच्या कपाशीवर मावा पडल्याची बातमी आली. पानं गळू लागली होती. मामाने निरोप पाठवला नव्हता. बाजाराला आलेल्या एका बांगडीवालीने आईला सांगितलं. रात्रीची जेवणं व्हायच्या आधी आई भांडाराच्या दारात जाऊन उभी राहिली. असं ती कधी करत नसे. पितळी पंप समोरच खुंटीला टांगलेला होता, त्या आठवड्यात कोणाचीच पाळी नव्हती.

"पंप द्या आठ दिवस," ती म्हणाली. "अन् ती औषधाची भुकटी. मी घेऊन जाते गाडीनं."

"गोदा, ते बाहेर देता येत नाही."

"बाहेर कुठं? माझ्या नावानं द्या. मी तर हद्दीतली आहे ना?"

"तुझं शेत कुठं आहे?" अण्णा म्हणाले. अगदी हळू, समजावणीच्या सुरात. पण तो प्रश्न तोंडातून निघाला तसा त्यांनाच तो ऐकू आला असावा, कारण त्यांनी लगेच मान खाली घातली.

आईने खुंटीवरच्या पंपाकडे एकदा पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "माझं कुठंच काही नाही."

त्यानंतर ती भांडारात गेली नाही. अण्णांशी बोलायची, पण कामापुरतं. ताट वाढायची आणि उठून मागच्या दारी जाऊन बसायची. एरवी अण्णा जेवताना ती शेजारी बसून गावातलं काहीबाही सांगायची, ते बंद झालं. आमच्या घरात आवाज उरले ते फक्त भिंतीपलीकडचे. अण्णाही बदलले. लोकांना पाणी देत होते, बियाणं तपासत होते, पण 'मालक' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. दोन भाऊबिजा आल्या नि गेल्या. आईने दोन्ही वेळा चंद्राला ओवाळलं. सावळखेडची वाट घाटाची आणि लांबची होती खरी, पण आम्ही तिघांपैकी कोणीही ती चालून गेलं नाही, हे त्या वाटेमुळे नव्हे.

तिसऱ्या वर्षी थंडीत निरोप आला. शेतात पाणी देता देता मामा बांधावर बसला आणि तसाच गेला. आईने लुगडं बदललं, माझा हात धरला. अण्णा वहाणा घालत होते. त्यांच्याकडे न बघता ती म्हणाली, "तुम्ही येऊ नका." अण्णा एक वहाण पायात आणि एक हातात घेऊन तसेच उभे राहिले.

आम्ही पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्या पाच गावांतली माणसं अंगणात बसली होती. मला बघून सरकून त्यांनी जागा दिली. मामी ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. लहानखुरी बाई, मामासमोर कधी मोठ्याने न बोलणारी. आई तिच्या गळ्यात पडली आणि मग जे रडली ते दोन वर्षांचं रडली. थोडं ओसरल्यावर मी मामीच्या पायाशी बसले. मला बोलायचं होतं. त्या कागदाबद्दल, अक्षराबद्दल.

पण आधी मामीच बोलली. कोणाला दोष द्यावा अशा आवाजात नाही, घरातली एखादी गोष्ट सांगावी तशी. "ते काय म्हनत होते सांगू का, गोदाबाई? म्हने, सरकारनं नाव काढलं त्याचं मले काई नाई. दाजी एक डाव इथं येऊन बसले असते, अन् म्हनले असते का श्रीपतराव, असं असं झालं, तर मीच सोताच्या हातानं लिहून देल्लं असतं, का माह्यं नाव काढा. बाविसाईचंबी मीच काढून आनलं असतं. हुकमाचं कानावर आलं तवापासून आठ दिवस रोज सांजच्याले येशीत जाऊन बसत. येतीन म्हनत, दाजी कागदावर नाई ठेवनार. टपालवाला आला त्या दिवशी जेवले नाई."

आई ऐकत होती. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. मी मनात म्हटलं, आता ही परत गेल्यावर अण्णांना हे सांगणार. आणि सांगितल्यावर अण्णा संपतील. जन्मभर ज्या माणसाने एकेका शेतकऱ्याला समोर बसवून तोंडाने सांगितलं, तो एकाच माणसापाशी जाऊ शकला नाही, आणि तो माणूस आठ दिवस वेशीत वाट बघत होता. त्याहून वाईट असं मला काही माहीत नव्हतं, आजही नाही.

चौथ्या दिवशी आम्ही परतलो. दिवेलागणीला घरी पोचलो. अण्णांनी खिचडी टाकली होती, खाली लागली होती, घरभर करपल्याचा वास. दाढी वाढली होती. आईने पाय धुतले, पदर खोचला, चूल नीट केली आणि पिठाचा डबा काढला. अण्णा दारात उभे राहून तिच्या पाठीकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "वहिनी काय म्हणाल्या?"

आई भाकरी थापत होती. थापणं थांबलं नाही.

"म्हणाल्या, भाऊ तुमची आठवण काढायचा. म्हणायचा, दाजींचा काही दोष नव्हता. त्यांचे हात बांधलेले होते."

अण्णा मटकन खाली बसले. उपरणं तोंडावर घेतलं आणि लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. मग उपरणं बाजूला करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल, त्यात अशी काही याचना की आजही ती आठवली की मला उठून दुसऱ्या खोलीत जावं लागतं.

"खरंच असं म्हणाले, सुमे?"

मी आईकडे पाहिलं. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, आणि अण्णांसाठी पाट मांडला. त्यांच्या शेजारी स्वतःसाठी दुसरा.

"हो," मी म्हणाले. "असंच म्हणाले."